कंट्रोल म्हणून ताई

३ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या आणि गुंडीच्या रक्ताच्या नळ्या काल दुपारी पोहोचल्या. दोन्ही बर्फात नीट होत्या. गुंडीच्या नळीचं झाकण जरा सैल होतं, पण रक्त सांडलेलं नाही. आई म्हणाली, तुला पोच हवी आहे आणि ती माझ्याकडून नको, लॅबकडून हवी आहे. लॅबची पोच सोबत आहे. हे पत्र वेगळं. तू माझा फोन उचलत नाहीस आणि माझे मेसेज तुझ्यापर्यंत पोहोचणं दोन वर्षांपूर्वीच बंद झालंय, म्हणून कागद. कागद फाडायचा तरी आधी हातात घ्यावा लागतो.

रक्त कशासाठी घेतलं हे तुला कोणी नीट सांगितलं नसणार. आईने ‘संशोधनासाठी’ एवढंच सांगून मान ताठ केली असेल. तर असं आहे. रक्तातल्या काही पेशींना आम्ही मागे नेतो, इतक्या मागे की त्या रक्ताच्या राहत नाहीत, कशाच्याच राहत नाहीत. मग त्यांना मेंदूच्या पेशी व्हायला लावतो. त्याला काही महिने लागतात. गुंडीच्या डोक्यात काय चाललंय हे डोकं न उघडता बघायचा याहून सरळ रस्ता नाही. दोन मेंदूपेशी जिथे एकमेकींना टेकतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. शिकणं म्हणजे या जागा तयार होणं, मोडणं, पुन्हा तयार होणं. मी त्यांचे फोटो काढते आणि त्या किती पिकल्यात ते मोजते.

माणसाचे सिनॅप्स फार सावकाश पिकतात. उंदराचे काही आठवड्यांत पिकतात, माकडाचे काही महिन्यांत, आपले कित्येक वर्षं कच्चे राहतात. लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांमध्ये एका जनुकाची नक्कल निघताना अर्धवट राहिली. ती अर्धी प्रत आजही आपल्या प्रत्येकात आहे. ती मूळ प्रतीच्या पायात पाय घालते आणि पिकण्याचा वेग कमी करते. माणूस माणूस झाला तो एवढ्याच कारणाने असं कोणी म्हणणार नाही, पण कारणांच्या रांगेत ही अर्धी प्रत बरीच पुढे उभी आहे. आपल्याला जास्त दिवस कच्चं राहता येतं. बाकीच्यांना येत नाही.

गुंडीचा बदल आहे तो दुसऱ्या एका जनुकात. तेही लगामाचंच काम करतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात. गुंडीची एकच चालते. लगाम सैल, म्हणून तिचे सिनॅप्स घाईने पिकतात, आणि शिकायला सुरुवात व्हायच्या आतच जागा पक्क्या होऊन बसतात. ती बोलत नाही ती हट्टाने नाही. आणि जेवताना ती पापण्या फडफडवून क्षणभर गप्प होते, तेव्हा तू पाहुण्यांना सांगतेस ना, “बघा, कशी विचारात पडते” – तो झटका असतो. दर वेळी.

यात तू कंट्रोल आहेस. म्हणजे बदल नसलेली. गुंडीच्या पेशींची डिश आणि तुझ्या पेशींची डिश शेजारी ठेवायची आणि फरक बघायचा. मुलीसाठी तिच्या आईपेक्षा चांगला कंट्रोल मिळत नाही, कारण निम्मी जनुकं तीच असतात. तुला हे नवीन वाटायला नको. शाळेत असल्यापासून तू कंट्रोलच होतीस. मी किती मागे आहे ते सगळे मला तुझ्या शेजारी उभं करून बघायचे.

डिशवर नाव नसतं, आकडा असतो. कोणता आकडा कोणाचा ते फक्त आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना माहीत. मोजणाऱ्याला माहीत असलं की त्याला हवं तेच दिसतं, म्हणून. त्यामुळे मी तुला मोजत असेन तेव्हा तुला ओळखणार नाही.

– धाकटी

१९ जुलै

ताई,

पत्र तू फाडलं नाहीस, हे आईकडून कळलं. “फ्रिजवर ठेवलंय, पाकिटासकट,” म्हणाली. एवढं पुरे.

पेशी जगल्या. आमच्याकडे त्यांना रोज खायला घालणारा एक तंत्रज्ञ आहे. आडदांड माणूस, दाढी छातीपर्यंत, आणि सगळी लॅब त्याला ‘दाई’ म्हणते. त्यालाही ते आवडतं. सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडून तो डिशना विचारतो, “काय गं पोरींनो, झोप झाली?” मी त्याला म्हटलं, यातली एक माझी भाची आहे आणि एक बहीण, पण कोणती ते मला माहीत नाही. तो म्हणाला, “मग सगळ्यांशीच नीट वागा. घरी जमत नसेल तर इथे तरी.”

आई सांगत होती, तुला दुसरं मूल हवंय. डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, गुंडीतला बदल नवा आहे, तुमच्या दोघांच्याही रक्तात आढळला नाही, पुन्हा व्हायची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी. तू विचारणार नाहीस, म्हणून न विचारता सांगते: त्यांच्या हातात जे रिपोर्ट आहेत त्यावरून ते बरोबर बोलले.

आता दुसरी गोष्ट. भावजींनी रंगाचा कारखाना सोडला आणि ते फरश्यांच्या गोदामात माल मोजायला जातात, बाहेरच्या खोलीत झोपतात, हे आईनेच सांगितलं. तू त्यांना जेवणाच्या टेबलावर म्हणालीस, “हे तुम्ही हाताला लावून घरी आणलंत.” आई तेव्हा तिथे होती. ती म्हणते, त्यांनी चमचा ठेवला आणि हातांकडे बघत बसले. गुंडीला हसू आलं, कारण चमचा वाजला.

त्यांना असं म्हणताना तू माझा हवाला देतेस, म्हणून मला लिहावं लागतंय. गुंडीचा रिपोर्ट आला त्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी दोन वाक्यं बोलले होते. एक, हे बरं होणारं नाही. त्या वाक्यासाठी तू बोलणं टाकलंस. दुसरं, असे नवे बदल बहुतेक वेळा बापाकडून येतात. ते वाक्य तू ठेवून घेतलंस, आणि त्यातला ‘बहुतेक वेळा’ गाळलास. दोन्ही वाक्यं बरोबर होती. कारखान्याचं तर मी नावही घेतलं नव्हतं. पुरुषाच्या पेशी आयुष्यभर नकला काढत राहतात, आणि नक्कल म्हटली की चूक आली. रंगात हात घातले काय आणि दुधात घातले काय.

हे त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. तुमच्या घरात मी बोलत नाही.

– धाकटी

८ सप्टेंबर

ताई,

आईने सांगितलं, तुला दिवस गेलेत. अभिनंदन. ती फोनवर कुजबुजत बोलत होती, जसं काही मी इथून दृष्ट लावेन. “तिला म्हटलं पोटातलं पाणी काढून तपासून घे, तर म्हणते सुईने बाळाला धोका असतो, आणि तपासायचंय काय, डॉक्टर म्हणालेत नवा बदल. तूच सांग बाई, नवा म्हणजे पुन्हा नाही ना?” मी म्हटलं, नवा म्हणजे आईबापात न सापडलेला. ती म्हणाली, “तेच ते.”

इकडे वेगळाच गोंधळ आहे. प्रत्येकीच्या रक्तातून दोन-दोन पेशी निवडून त्या वाढवल्या होत्या. एका पेशीपासून झालेल्या सगळ्या लेकी म्हणजे एक क्लोन. म्हणजे गुंडीचे दोन, तुझे दोन. मी फोटो काढले, मोजलं, आकडे बाईंना दिले. बाईंनी नावं उघडली. घाईने पिकलेल्या डिश दोन हव्या होत्या. तीन निघाल्या.

तिसरी तुझ्या नावावर होती.

याचा अर्थ एकच: कोणीतरी नळ्या बदलल्या. पेशी रोज हाताळतो तो दाई, त्यामुळे मी बाईंसमोर त्याचं नाव घेतलं. तो मायक्रोस्कोपच्या खोलीत आला, हातात डिश होतीच. म्हणाला, “मॅडम, मी त्यांना खायला घालतो. त्यांची लग्नं लावत नाही, इकडची तिकडे करायला.” मी म्हटलं, “मग तिसरी आली कुठून?” तो म्हणाला, “ते तुम्ही शिकलात ना? मला काय विचारता.” बाईंनी त्याला लेखी समज दिली. चार महिन्यांचं काम फुकट गेलं होतं, कोणाच्या तरी नावावर टाकायला हवं होतं. ती डिश मी माझ्या हाताने ब्लीचमध्ये ओतली. अर्ध्या वाटेवर गोठवून ठेवलेली पेशींची दुसरी नळी काढून पुन्हा वाढवायला घेतली आहे, म्हणजे महिने नाही, आठवडे लागतील, आणि या वेळी जनुक वाचायलाही पाठवलं आहे, म्हणजे दाईला तोंड उघडायला जागा उरू नये.

तुला हे सगळं कशाला लिहिते आहे, माहीत नाही. बहुधा तू उत्तर देत नाहीस म्हणून सोपं जातं.

– धाकटी

२९ सप्टेंबर

ताई,

हे पत्र बसून वाच. भावजी घरात असतील तर नंतर वाच.

नळ्या बदलल्या नव्हत्या. ती डिश तुझीच होती. नव्याने वाढवलेलीही तशीच निघाली, तीन आठवड्यांतच घाईने पिकायला लागलेली. पेशी कोणाची हे ओळखायची एक तपासणी असते, बोटाच्या ठशासारखी. ती केली. पेशी तुझी आहे, आणि तिच्यात गुंडीचा बदल आहे. त्याच जनुकात, त्याच जागी, तेच अक्षर. तुझा दुसरा क्लोन साफ आहे.

म्हणजे तुझ्या काही पेशींत तो बदल आहे आणि काहींत नाही. तू आईच्या पोटात जेमतेम मूठभर पेशींची होतीस, तेव्हा त्यातल्या एका पेशीची नक्कल निघताना एक अक्षर चुकलं. तिच्या जेवढ्या लेकी झाल्या त्या सगळ्यांत ती चूक गेली. काही रक्तात गेल्या. काही अंडपेशींत गेल्या. अंडपेशींत गेल्या याचा पुरावा मागू नकोस, तो तुझ्या घरात आहे. मेंदूत गेल्या असतील तर थोड्या, नाहीतर तू शाळेत पहिली आली नसतीस. हे आईकडून आलेलं नाही, बाबांकडूनही नाही. ते तुझ्यातच सुरू झालं.

हॉस्पिटलच्या रिपोर्टमध्ये ‘आढळला नाही’ असं लिहिलंय, कारण तुझ्या रक्तात तो इतका थोडा आहे की त्यांच्या मशीनने कचरा समजून गाळला. ते खोटं बोलले नाहीत. आमच्या नळीत मात्र निवडलेल्या दोन पेशींपैकी नेमकी एक बदलाची आली. योगायोग आहे, पण आता तो झालाय.

याचा अर्थ शंभरात एकापेक्षा कमी हा आकडा तुझ्यासाठी नाही. तुझा खरा आकडा कोणालाच सांगता येणार नाही. तुझ्या किती अंडपेशींत बदल आहे ते मोजायचा मार्ग नाही. थोड्या असतील, निम्म्याही असतील. पोटातलं पाणी काढून तपासून घे. सुईचा धोका आहे, पण तो याच्यापुढे फार लहान आहे. आणि तपासणीचे दिवस ठरलेले असतात, ते माझ्यासारखे पत्र लिहीत बसत नाहीत.

मला हे सांगायची परवानगी नाही. मी बाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, “आपण दवाखाना नाही. आपल्याकडचा निष्कर्ष ज्याचा आहे त्यालाही सांगता येत नाही. आधी मान्यता असलेल्या लॅबमधून खात्री, मग समिती, मग डॉक्टर सांगतील.”

“किती दिवस?”

“वर्षअखेर धर.”

“तोवर ती पाचव्या-सहाव्या महिन्यात असेल.”

त्यांनी चष्मा काढला. “हे बघ, तू माझ्याकडे आलीच नव्हतीस. आता जा.”

मग आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “म्हणजे जावयांचं काही नाही?” मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, “तिला फक्त टेस्ट कर म्हण. माझ्या शपथेवर सांग, लॅबचा नियम आहे म्हणून सांग, काहीही सांग. कारण सांगू नकोस. त्या पोरीने कोणाच्या तरी माथी मारून दिवस काढलेत. ते तिच्याच पदरात टाकलंस तर ती उभी राहील का?”

मी म्हटलं, कारण न सांगता ती ऐकणार नाही. आई म्हणाली, “तू प्रयत्न तरी कुठे केलास?”

नाही केला. कारण न सांगता सांगितलं असतं तर तू हे पत्रही फ्रिजवर ठेवलं असतंस, पाकिटासकट. असं मला वाटतं. लिहून झाल्यावर मी पत्र परत वाचून बघितलं, यात कुठे मला बरं वाटल्याचं दिसतं का ते. दोन ठिकाणी वाटलं, तिथे वाक्यं बदलली.

दाईला सांगितलं की चूक त्याची नव्हती. तो म्हणाला, “म्हणजे सॉरी म्हणताय का?” मी म्हटलं, माहिती देतेय. तो म्हणाला, “लेखी देता का? समज लेखी मिळाली होती.”

– धाकटी

१४ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांतलं पहिलं, आणि एवढंसं. ते मी इथे उतरवते, म्हणजे आपण दोघी एकाच मजकुराबद्दल बोलतोय याची खात्री राहील.

“मोजपट्टी, शेवटी मापात बसवलंस मला. टेस्ट करते. पण ह्यांना कळता कामा नये. कळलं तर मी तुझी कोणी नाही, आणि गुंडीही नाही. सापडलं तर काय करायचं ते तुझ्या मायक्रोस्कोपला विचारून ठेव.”

पहिलं: टेस्ट करतेस, हे योग्य आहे.

दुसरं: सापडलं तर काय करायचं, ते मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही. मला विचारशील तर मी म्हणेन, ठेवू नकोस. मग तू म्हणशील, म्हणजे गुंडीलाही ठेवायला नको होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते तुला नको असेल. आईला तू काल फोनवर हेच म्हणालीस ना: “ती मला असं म्हणायला लावतेय की मला माझी पोर नको होती”? मी काही म्हणायला लावत नाही. मी फक्त दिवस मोजायला सांगतेय.

तिसरं: भावजी. मी त्यांना फोन करून सांगणार नाही. पण टेस्ट का, असं ते विचारतील तेव्हा तू काय सांगणार आहेस? सुईच्या आधी दोघांना समोर बसवून डॉक्टर बोलतात. ते मूर्ख नाहीत. गोदामात माल मोजणाऱ्या माणसाला आकडा बदलला की कळतं. आत्तापर्यंत तपासायचंय काय म्हणणारी तू, एकदम तपासायला कशी तयार झालीस?

या प्रश्नाचं उत्तर मला कळवू नकोस. तुझ्या घरातलं मला जितकं कमी माहीत असेल तितकं बरं.

आणि एक. गुंडीला आता पापण्या फडफडण्याचं औषध बदलून दिलंय असं आई म्हणाली. झोप जास्त येत असेल तर डॉक्टरांना सांग, सवय होईल म्हणून थांबू नकोस.

– धाकटी

३० नोव्हेंबर

ताई,

रिपोर्ट आईने मला फोनवर वाचून दाखवला. अडखळत, एकेक अक्षर सोडवत. बदल आढळला नाही. या वेळी ‘आढळला नाही’ म्हणजे नाहीच. बाळात असता तर त्याच्या पेशीपेशीत असता, कचरा म्हणून गाळला गेला नसता. बाळ मोकळं आहे. आई रडत होती आणि मधेच म्हणाली, “बघ, आता कोणाला काही सांगायची गरजच नाही.” तो निरोप तुझा होता की तिचा, हे मी विचारलं नाही.

परवा भावजी इथे आले होते. तू त्यांना पाठवलं नाहीस हे मला ठाऊक आहे. दाई आत येऊन म्हणाला, “तुमचे पाहुणे आलेत. डबा आत नेता येणार नाही म्हटलं, तर डब्यासोबत बाहेरच बसलेत.” ते कॉरिडॉरमधल्या बाकावर होते, डबा मांडीवर, गोदामाची निळी टोपी डब्यावर. मला बघून उठले. “काम होतं जवळच,” म्हणाले. त्यांचं गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

म्हणाले, “गुंडीच्या पेशी बघता येतात का हो? म्हणजे अडचण नसेल तर.”

नावं उघडून झाली होती, त्यामुळे दाखवायला हरकत नव्हती. मी त्यांना कोट घातला, स्टुलावर बसवलं, चष्मा काढायला लावला. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग दिसलं. “केवढी गर्दी आहे,” म्हणाले. मी सांगितलं की लवकर पिकल्यामुळे तसं दिसतं. “माझ्या पोरीच्या डोक्यात एवढं सगळं आहे, आणि तिला पाणी मागता येत नाही.” हे ते मला म्हणाले नाहीत, मायक्रोस्कोपला म्हणाले.

मग मी शेजारची डिश ठेवली. त्यांनी विचारलं, “ही कोणाची?”

“कंट्रोल.”

“म्हणजे चांगल्या माणसाची.”

“बदल नसलेली.”

ते खरं होतं. तुझ्या साफ क्लोनची डिश होती. ते बराच वेळ बघत राहिले. “किती ऐसपैस आहे,” म्हणाले. “हिला अजून सगळं शिकता येईल.”

मायक्रोस्कोपवरून डोळा हटवला, चष्मा लावला आणि म्हणाले, “बाळाचा रिपोर्ट चांगला आला. म्हणून आता विचारायला हरकत नाही. गुंडीचं माझ्यामुळे ना? ही म्हणते, तुम्हीच सांगितलं होतं. आणि या वेळी टेस्टही त्यासाठीच करायची म्हणाली, माझ्याकडून परत आलं असलं तर कळायला हवं म्हणून.”

तर तू त्यांना हे सांगितलंस. सुबक आहे. मला सुचलं नसतं.

मी म्हटलं, “मी ‘बहुतेक वेळा’ म्हणाले होते.”

“हो, ते जगाचं झालं. आमच्या घराचं काय?”

मी म्हटलं, “आमच्याकडचे निष्कर्ष आम्ही घरच्यांना सांगत नाही. नियम आहे.”

त्यांनी मान हलवली. “म्हणजे आहे.”

“मी असं म्हटलेलं नाही, भावजी.”

“नाही, नाही. तुम्ही कशाला म्हणाल. तुम्ही जपून बोलता, ते ठाऊक आहे मला.” मग ते हसले, खरंच हसले. “दोन वर्षं मी विचारायचं टाळत होतो. आज हिंमत केली. हलकं वाटतं बघा, एकदा कळलं की.”

कोट काढून त्यांनी नीट घडी घातली. आमच्याकडे कोट फेकून देतात, पण मी घालू दिली. दाराशी थांबून म्हणाले, “एक सांगून ठेवतो. मी ऑपरेशन करून घेतोय. शुक्रवारी. हिला बोललोय. यापुढे माझ्याकडून कोणाला काही जायला नको. हे बाळ सुटलं, दर वेळी सुटेल असं थोडंच आहे?”

ताई, ऑपरेशन त्यांना नको आहे. त्यांच्यात काहीही नाही. त्यांना फक्त एक वाक्य हवं होतं, आणि ते माझ्या तोंडात होतं. मी दिवा बंद केला, मायक्रोस्कोपवर आवरण घातलं आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. त्यांनी माझे आभार मानले. डबा बाकावर विसरले होते, दाई धावत जाऊन देऊन आला. येताना मला म्हणाला, “चांगला माणूस आहे हो तुमचा भावजी.” मी म्हटलं, हो.

रात्री तुझा फोन आला. आईच्या नंबरवरून नाही, तुझ्या. मी तो बराच वेळ वाजू दिला, खात्री करायला. तू विचारलंस, “काय सांगितलंस त्यांना?”

“काहीच नाही.”

“काहीच?”

“नियम आहे म्हणाले.”

तू श्वास सोडलास. मग पलीकडे भांड्यांचा आवाज, गुंडीचा आवाज, नळ बंद केल्याचा आवाज. मला वाटलं ठेवलास. आणि मग तू विचारलंस, अगदी आपण दोघी एका खोलीत झोपायचो तेव्हाच्या आवाजात:

“जेवलीस का गं?”

मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

– धाकटी